युद्धकालीन व्यापारनियंत्रण, भारतातील (१९३९–४७)

युद्धकाळात उपलब्ध माल, वाहतुकीची साधने व परकीय चलन यांचा विनियोग युद्धाच्या गरजेनुसार व्हावा, शत्रुराष्ट्रांना माल मिळू नये आणि नागरिकांना जीवनावश्यक वस्तू रास्त भावाने मिळाव्यात, या हेतूंनी शासन आयात-निर्यात, किंमती, साठा, वाहतूक व वाटप यांवर जे निर्बंध घालते, त्यांना युद्धकालीन व्यापारनियंत्रण म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात असे निर्बंध प्रथमच व्यापक प्रमाणावर अंमलात आले. जमीनमहसूल, न्याय व शांतता-सुव्यवस्था एवढ्यापुरतीच आखलेली वसाहती शासनयंत्रणा अल्पावधीत देशातील सर्वांत मोठी धान्यखरेदीदार, परवाने देणारी व वाटप करणारी संस्था बनली. या स्थित्यंतराचा भार मुख्यतः जिल्हाधिकारी, मामलेदार, तलाठी, बंदरावरील व सचिवालयातील कारकून आणि शिधावाटप कचेऱ्यांतील हंगामी नोकर यांच्यावर पडला. नियंत्रणांचे यशापयश जितके धोरणावर, तितकेच या कर्मचारिवर्गाच्या संख्येवर, अनुभवावर व सचोटीवर अवलंबून होते.

पूर्वपीठिका : पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) भारत सरकारने गव्हाची निर्यात आपल्या हाती घेतली होती, १९१७ मध्ये इंडियन म्यूनिशन्स बोर्ड स्थापन झाले आणि १९१८ मध्ये स्वस्त कापडाच्या पुरवठ्यासाठी कॉटन क्लॉथ ॲक्ट संमत करण्यात आला. परंतु हे उपाय युद्धाच्या उत्तरार्धात योजलेले व मर्यादित होते. युद्ध संपताच ते मागे घेण्यात आले व त्यांसाठी नेमलेला नोकरवर्ग पांगला. त्यामुळे नियंत्रणाचा अनुभव असलेली कायम स्वरूपाची यंत्रणा १९३९ मध्ये उपलब्ध नव्हती. मधल्या काळातील जागतिक मंदीमुळे शासकीय खर्चात कपात होऊन नोकरभरतीवरही मर्यादा पडल्या होत्या.

कायदेशीर अधिष्ठान : ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारत युद्धात सामील असल्याचे घोषित केले. त्याच दिवशी भारत संरक्षण वटहुकूम निघाला व महिनाअखेरीस त्याचे भारत संरक्षण अधिनियमात रूपांतर झाले. या अधिनियमाखालील नियमांपैकी ८१ व्या नियमाने उत्पादन, साठा, वाहतूक, किंमत व वाटप यांवर, तर ८४ व्या नियमाने आयात-निर्यातीवर बंधने घालण्याचे अधिकार सरकारला मिळाले. जीवनावश्यक वस्तूंच्या किंमती ठरविण्याचे अधिकार सप्टेंबर १९३९ मध्येच प्रांतिक सरकारांकडे सोपविण्यात आले. अधिकार देणे सोपे होते; ते वापरण्यासाठी लागणारी बाजारभावांची, साठ्यांची व खपाची आकडेवारी बहुतेक प्रांतांजवळ नव्हती. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यानंतर मुंबईसह अनेक प्रांतांत गव्हर्नरांची राजवट सुरू झाली. परिणामी निर्णय झटपट होऊ लागले, पण लोकांची गाऱ्हाणी कचेरीपर्यंत पोहोचविणारा लोकप्रतिनिधींचा दुवा नाहीसा झाला.

आयात-निर्यातीवरील नियंत्रण : युद्धारंभीच रिझर्व्ह बँकेकडे परकीय चलनाचे नियंत्रण देण्यात आले. निर्यातनियंत्रणाचा प्रारंभीचा हेतू शत्रूशी व्यापार रोखणे हा होता. शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांची व पेढ्यांची मालमत्ता ताब्यात घेण्यासाठी मुंबईस अभिरक्षकाचे कार्यालय स्थापण्यात आले. मे १९४० मध्ये मुख्यतः उपभोग्य स्वरूपाच्या ६८ वस्तूंच्या आयातीवर परवानापद्धती लागू झाली. त्या वेळी दुर्मिळ परकीय चलन वाचविणे हा तिचा उद्देश होता. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरल्यानंतर चलनापेक्षा जहाजांवरील जागेची टंचाई अधिक तीव्र झाली आणि १९४२ च्या प्रारंभापासून जवळजवळ सर्व आयात परवान्याच्या कक्षेत आली.

या पद्धतीमुळे व्यापाऱ्याचा व कचेरीचा संबंध मूलतः बदलला. पूर्वी आयातदाराचा सरकारशी येणारा संबंध जकात भरण्यापुरता असे. आता मालाची गरज पटवून परवाना मिळविणे, त्यानुसार चलनाची मंजुरी घेणे, जहाजावर जागा मिळविणे, बंदरावर परवाना व माल यांचा मेळ घालून देणे आणि पुढे तो माल ठरलेल्या किंमतीस विकल्याचे दाखविणे, अशा अनेक पायऱ्या निर्माण झाल्या. प्रत्येक पायरीवर अर्ज, छाननी, टिपण व नोंद आवश्यक ठरली. परवान्यांचे वाटप करताना युद्धपूर्व काळातील आयातीचे प्रमाण आधारभूत मानण्याची प्रथा पडली. यामुळे कारकुनाचे काम सोपे झाले. कारण प्रत्येक अर्जाच्या गुणावगुणांचा विचार करण्याऐवजी जुनी कागदपत्रे तपासणे पुरेसे होई. मात्र जुन्या पेढ्यांचा वाटा त्यामुळे सुरक्षित राहिला व नवागतांना वाव उरला नाही. परवाना ही स्वतःच एक मौल्यवान वस्तू बनली.

अंतर्गत व्यापारावरील नियंत्रण : देशांतर्गत नियंत्रणे एकापाठोपाठ एक, टंचाई प्रत्यक्ष जाणवू लागल्यावर लादली गेली. १९४१ मध्ये लोखंड व पोलाद यांवर नियंत्रण आले आणि पेट्रोलचे नियंत्रित वाटप सुरू झाले. १९४२ मध्ये साखर व कागद, १९४३ मध्ये कापड व औषधे, तर १९४४ मध्ये कोळसा यांविषयीचे आदेश निघाले. गव्हाची कमाल किंमत डिसेंबर १९४१ मध्ये ठरविण्यात आली. परंतु साठे ताब्यात घेण्याची व वाटपाची यंत्रणा नसल्याने गहू बाजारातून नाहीसा होऊ लागला व जानेवारी १९४३ मध्ये हे नियंत्रण उठवावे लागले. केवळ किंमत ठरवून नियंत्रण साधत नाही, त्यासाठी पुरवठाही हाती असावा लागतो, हा धडा या प्रयोगातून मिळाला. मे १९४२ च्या अन्नधान्य नियंत्रण आदेशाने घाऊक व्यापाऱ्यांना परवाना घेणे सक्तीचे केले. डिसेंबर १९४२ मध्ये केंद्रात स्वतंत्र अन्न खाते, तर एप्रिल १९४३ मध्ये उद्योग व नागरी पुरवठा खाते निर्माण झाले.

कापडाच्या बाबतीत नियंत्रण तुलनेने यशस्वी ठरले. १९४३ च्या मध्यास कापडाच्या किंमती युद्धपूर्व पातळीच्या सुमारे पाचपट झाल्या होत्या. जून १९४३ मध्ये कॉटन क्लॉथ अँड यार्न (कंट्रोल) ऑर्डर निघाली, मुंबईस वस्त्रोद्योग आयुक्ताचे कार्यालय सुरू झाले व गिरणीमालकांचे प्रतिनिधित्व असलेले नियंत्रण मंडळ नेमण्यात आले. कमाल किंमत कापडावरच छापण्याचे बंधन घातल्याने किंमत तपासण्याचे काम काही अंशी ग्राहकावर आले व निरीक्षकांचा भार हलका झाला. उत्पादन थोड्या शहरांतील गिरण्यांत केंद्रित असल्याने हे साध्य होऊ शकले. लाखो शेतकऱ्यांकडे विखुरलेल्या धान्याच्या बाबतीत अशी सोय नव्हती.

नियंत्रणाच्या यंत्रणेत एक अंगभूत विसंगतीही होती. प्रत्येक नव्या आदेशाबरोबर नमुने, नोंदवह्या, परवाने व शिधापत्रिका यांसाठी लागणारा कागद वाढत गेला. पण कागदाचीच टंचाई होती. १९४२ च्या अखेरीस सरकारने कागद गिरण्यांचे ९० टक्के उत्पादन स्वतःसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला. पुढे हे प्रमाण कमी करण्यात आले, तरी पाठ्यपुस्तके, नियतकालिके व ग्रंथप्रकाशन यांना कागदटंचाईची झळ युद्धसमाप्तीनंतरही पोहोचत राहिली.

कर्मचारिवर्गावरील ताण : युद्धाने कचेऱ्यांचे काम वाढविले, त्याच वेळी त्यांतील अनुभवी माणसे काढून घेतली. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकाऱ्यांची संख्या १९४० च्या सुमारास सु. १,२०० होती; युद्धकाळात ब्रिटनमधून होणारी भरती थांबली व १९४३ नंतर भारतातील नियमित भरतीही बंद पडली. १९४७ पर्यंत ही संख्या हजाराच्या खाली आली. या थोड्या अधिकाऱ्यांतूनच पुरवठा, हवाई हल्ल्यापासून संरक्षण, अन्न, वाहतूक इ. नव्या खात्यांसाठी माणसे निवडावी लागली. जिल्ह्यातून ज्येष्ठ अधिकारी गेला की त्याच्या जागी कनिष्ठ येई आणि त्याचीही वरचेवर बदली होई. कनिष्ठ स्तरावर पोकळी भरून काढण्यासाठी मोठ्या प्रमाणावर हंगामी भरती झाली. या नोकरांना प्रशिक्षण अपुरे, नेमणूक अल्पमुदतीची व निवृत्तिवेतनाची हमी नाही, अशी स्थिती होती. नियमांत वारंवार होणाऱ्या बदलांचे ज्ञान त्यांना बहुधा काम करता करताच मिळवावे लागे.

जिल्हा प्रशासनावर एकाच वेळी अनेक कामे येऊन पडली. सैन्यभरतीस साहाय्य, युद्धनिधी व कर्जरोखे, निर्वासितांची व्यवस्था, नागरी संरक्षण, अधिक धान्य पिकवा मोहीम व धान्यवसुली ही सर्व कामे महसूल कचेरीनेच करावयाची होती. ऑगस्ट १९४२ मध्ये छोडो भारत आंदोलन सुरू झाल्यावर टपाल कचेऱ्या, तारयंत्रे, रेल्वे स्थानके व सरकारी दप्तरे ही आंदोलकांची लक्ष्ये बनली. सातारा जिल्ह्यात पत्री सरकारच्या (१९४३–४६) प्रभावामुळे सरकारी अंमल अनेक गावांत नाममात्र उरला. एकीकडे लोकांचा विश्वास गमावलेली राजवट आणि दुसरीकडे लोकांच्या सहकार्यावाचून अशक्य असलेले नियंत्रण, या पेचात खालचा नोकरवर्ग सापडला होता. तो स्वतः याच समाजातला असल्याने त्याला गावात कचेरीच्या वतीने धान्य मागावे लागे व कचेरीत गावाच्या वतीने ऐकून घ्यावे लागे.

वेतन व महागाई : कर्मचाऱ्यांच्या ताणाचे दुसरे कारण आर्थिक होते. युद्धखर्चाचा मोठा भाग चलनवाढीने भागविण्यात आला. चलनातील नोटा युद्धारंभी सु. १८० कोटी रुपयांच्या होत्या, त्या युद्धसमाप्तीच्या सुमारास १,२०० कोटींच्या आसपास पोहोचल्या. ऑगस्ट १९३९ मधील घाऊक किंमतींची पातळी १०० मानल्यास १९४४-४५ मध्ये निर्देशांक सु. २४४ होता, काळ्या बाजारातील भाव त्यात धरलेले नव्हते. चंदुलाल नगीनदास वकील यांनी द फॉलिंग रुपी (१९४३) या पुस्तिकेत, तर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील धनंजयराव गाडगीळ व नी. वि. सोवनी यांनी वॉर अँड इंडियन इकॉनॉमिक पॉलिसी (१९४३) या ग्रंथात सरकारच्या युद्धकालीन अर्थनीतीची कठोर चिकित्सा केली.

ठराविक पगारावर जगणाऱ्या मध्यमवर्गास या भाववाढीचा तडाखा विशेष बसला. व्यापाऱ्याला वाढत्या किंमतीचा लाभ होत होता, शेतमालाला पूर्वीपेक्षा अधिक भाव मिळत होता. कारकुनाचा पगार मात्र मंदीच्या काळातील वेतनश्रेण्यांना बांधलेला होता. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या कर्मचाऱ्यांच्या मागणीवरून १९४० मध्ये बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी न्यायालय नेमण्यात आले. त्याच्या शिफारशींपासून शासकीय सेवेतील महागाई भत्त्याच्या पद्धतीस चालना मिळाली. रेल्वेने कर्मचाऱ्यांसाठी स्वस्त धान्याची दुकाने उघडली. तथापि भत्त्यातील वाढ नेहमीच किंमतींच्या मागे राहिली. १९४१ च्या अत्यावश्यक सेवांविषयीच्या वटहुकुमाने घोषित सेवांतील नोकरांना परवानगीवाचून काम सोडणे हा गुन्हा ठरविला. त्यामुळे अधिक पगाराच्या नोकरीकडे वळण्याचा मार्गही अनेकांना बंद झाला. शिधापत्रिकांची छाननी करणारा कारकून संध्याकाळी स्वतःची शिधापत्रिका घेऊन त्याच रांगेत उभा राहत असे.

लाचलुचपत : ज्याच्या सहीने हजारो रुपयांचा नफा होऊ शकतो, अशा अल्पवेतनी नोकराच्या हाती परवाने देण्याचा अधिकार आल्याने लाचलुचपतीस मोठा वाव मिळाला. युद्ध व पुरवठा खात्यांतील व्यवहारांच्या चौकशीसाठी सरकारने १९४१ मध्ये विशेष पोलीस आस्थापना निर्माण केली. १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना अधिनियमाने तिला स्थायी रूप मिळाले व १९६३ मध्ये तिच्यातूनच केंद्रीय अन्वेषण विभाग स्थापन झाला. साठेबाजी व नफेबाजी यांविरुद्ध ऑक्टोबर १९४३ मध्ये वटहुकूम निघाला, तर १९४७ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक अधिनियम संमत झाला. स्वातंत्र्योत्तर काळात लाचलुचपत निर्मूलनाचा विचार करणाऱ्या संथानम समितीनेही (१९६२–६४) युद्धकाळातील टंचाई, नियंत्रणे व अफाट खर्च यांना भ्रष्टाचाराच्या वाढीचे महत्त्वाचे कारण मानले. मात्र सर्व दोष कनिष्ठ नोकरांच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. मोठे गैरव्यवहार प्रायः मोठ्या कंत्राटांत व ठोक परवान्यांत होत. तलाठी व कारकून यांच्या पातळीवरील लाच लोकांच्या रोजच्या अनुभवास येत असल्याने ती अधिक दृश्यमान होती.

बंगालमधील अपयश : अपुऱ्या यंत्रणेवर टाकलेल्या भाराचे सर्वांत भीषण परिणाम बंगालमध्ये दिसून आले. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडले व ब्रह्मदेशातून होणारी तांदळाची आयात बंद झाली. शत्रूस साधने मिळू नयेत म्हणून किनारी जिल्ह्यांतील जादा तांदूळ हलविण्यात आला आणि नोंदलेल्या सु. ६६ हजार नावांपैकी सु. ४६ हजार नावा निरुपयोगी करण्यात आल्या. नदीनाल्यांच्या त्या प्रदेशात नाव हेच बाजाराचे मुख्य साधन होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूर जिल्ह्यास चक्रीवादळाचा तडाखा बसला. बंगालचा नागरी पुरवठा विभाग ऑगस्ट १९४२ मध्ये, म्हणजे संकट दाराशी आल्यावर, निर्माण झाला.

बंगालची प्रशासकीय रचना हे अपयशाचे एक मूलभूत कारण होते. मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धतीत प्रत्येक गावाचे पीकपाणी, धारणक्षेत्र व खातेदार यांची नोंद तलाठ्याच्या दप्तरी असे व त्यावर मामलेदार कचेरीची देखरेख असे. १७९३ पासून कायमधारा पद्धती असलेल्या बंगालमध्ये महसूल जमीनदारामार्फत येत असल्याने सरकारला असा ग्रामस्तरीय नोकरवर्ग ठेवण्याची गरज भासली नव्हती. त्यामुळे किती पीक आले, कोणाजवळ किती साठा आहे, कोठे तुटवडा आहे, याविषयी विश्वसनीय माहिती मिळण्याचे साधनच नव्हते. किंमती ठरविणे, नंतर त्या सैल सोडणे, पुन्हा साठ्यांचा शोध घेणे अशा परस्परविरोधी उपायांची मालिका १९४२-४३ मध्ये दिसते. मे १९४३ मध्ये पूर्व विभागात मुक्त व्यापार सुरू करण्यात आला. त्यामुळे शेजारच्या बिहार व ओरिसा प्रांतांत भाव भडकले व दोन-अडीच महिन्यांतच तो गुंडाळावा लागला.

याच काळात कलकत्त्यातील कारखाने, रेल्वे, बंदर व सरकारी कचेऱ्या यांतील नोकरांना ‘अग्रक्रमाचे वर्ग’ मानून त्यांच्यासाठी धान्यपुरवठ्याच्या विशेष योजना राबविण्यात आल्या. युद्धोत्पादन व प्रशासन चालू राहावे हा त्यांमागील हेतू होता व तो बऱ्याच अंशी सफल झाला. परंतु ग्रामीण भागातील भूमिहीन मजूर, कोळी, नावाडी व कारागीर यांना कोणत्याच यादीत स्थान नव्हते. अग्रक्रमाच्या यादीत कोणाचे नाव आहे, यावर जीवनमरण ठरावे, ही बंगालच्या दुष्काळाची सर्वांत दारुण बाजू होय. ऑक्टोबर १९४३ मध्ये नवे व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी कलकत्त्यास भेट देऊन धान्यवाटपासाठी लष्कराची मदत उपलब्ध केली. कलकत्त्यात पूर्ण शिधावाटप ३१ जानेवारी १९४४ रोजी सुरू झाले. सर जॉन वुडहेड यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ चौकशी आयोगाने (अहवाल, १९४५) मृतांची संख्या सु. १५ लाख मानली. नंतरच्या अनेक अभ्यासकांच्या मते ती ३० लाखांच्या आसपास असावी. प्रांताच्या प्रशासनातील दोषांची स्वतंत्र चौकशी सर आर्चिबाल्ड रोलंड्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (१९४४-४५) केली. मनुष्यबळाची टंचाई हे या अपयशाचे एक कारण असले, तरी ते एकमेव नव्हे. भारतासाठी धान्याची जहाजे देण्याबाबत ब्रिटिश मंत्रिमंडळाने दाखविलेली अनास्था, प्रांतांनी एकमेकांविरुद्ध उभारलेली धान्यबंदी व चलनवाढ यांचा वाटा मोठा होता.

मुंबई इलाख्यातील प्रयोग : मुंबई हे शिधावाटप सुरू करणारे भारतातील पहिले महानगर होय. २ मे १९४३ रोजी तेथे ही पद्धती लागू झाली. १९४१ च्या जनगणनेनुसार सु. १५ लाख वस्ती असलेल्या व युद्धामुळे झपाट्याने वाढणाऱ्या या शहरात घरोघर माणसे मोजणे, प्रत्येक कुटुंबास शिधापत्रिका देणे, तिची सांगड ठराविक दुकानाशी घालणे व दुकानाच्या विक्रीचा हिशेब कचेरीत तपासणे, हे काम अल्पावधीत उभे करण्यात आले. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अस्ताद दिनशा गोरवाला यांचे नाव मुंबईतील नागरी पुरवठ्याच्या व्यवस्थेशी निगडित आहे. ग्रामीण भागात शेतकऱ्यांकडून सक्तीची धान्यवसुली, म्हणजे ‘लेव्ही’, सुरू झाली. तिची आकारणी तलाठ्याच्या नोंदींवरून होई; त्यामुळे ज्या दप्तराला एरवी शेतसाऱ्यापुरतेच महत्त्व होते, त्यावर शहरांचा अन्नपुरवठा अवलंबून राहू लागला.

ही व्यवस्था निर्दोष नव्हती. खोट्या शिधापत्रिका, मृत वा परगावी गेलेल्या व्यक्तींच्या नावावर घेतलेले धान्य, निकृष्ट माल व वजनातील लबाडी यांच्या तक्रारी सर्वत्र होत्या. तांदूळ खाणाऱ्या कोकणी कुटुंबांना गहू वा अन्य धान्य घेणे भाग पडले. प्रांताच्या सीमेवर अनेक संस्थानांची सरमिसळ असल्याने एका गावात नियंत्रण व लगतच्या गावात वेगळे नियम, अशी अवस्था होती व चोरट्या वाहतुकीस त्यामुळे वाव मिळे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजावरील स्फोटांत गोदामांतील धान्यसाठेही जळाले. तरीही शहराचे शिधावाटप कोलमडले नाही. बंगालमध्ये झाले तसे मृत्यूचे थैमान या इलाख्यात झाले नाही, याचे बरेचसे श्रेय वेळीच सुरू केलेल्या वाटपास व त्यामागील दप्तरव्यवस्थेस दिले जाते.

सर थिओडोर ग्रेगरी यांच्या अध्यक्षतेखालील अन्नधान्य धोरण समितीने १९४३ मध्ये एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत शिधावाटप सुरू करणे, धान्याची निर्यात थांबविणे, दरसाल दहा लाख टन धान्य आयात करणे व पाच लाख टनांचा राखीव साठा ठेवणे, अशा शिफारशी केल्या. त्यानंतर शिधावाटपाचा विस्तार वेगाने झाला. त्रावणकोर व कोचीन या तांदळाच्या आयातीवर विसंबलेल्या संस्थानांत ते ग्रामीण भागातही पोहोचले. १९४७ च्या अखेरीस शिधावाटप वा तत्सम नियंत्रित वाटपाखाली १४ कोटींहून अधिक लोक होते.

युद्धोत्तर काळ : युद्ध संपले, तरी टंचाई संपली नाही. भारत संरक्षण अधिनियमाची मुदत ३० सप्टेंबर १९४६ रोजी संपत असल्याने जीवनावश्यक पुरवठ्यासंबंधीचा तात्पुरता कायदा त्या वर्षी करण्यात आला व आयात-निर्यातीच्या नियंत्रणासाठी १९४७ मध्ये स्वतंत्र अधिनियम संमत झाला. कर्मचाऱ्यांचा साचलेला असंतोषही याच सुमारास उफाळून आला. जुलै १९४६ मध्ये टपाल व तार खात्यातील कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी देशव्यापी संप केला. त्यास मुंबई व कलकत्ता येथील कामगारांनी हरताळ पाळून पाठिंबा दिला. मे १९४६ मध्ये श्रीनिवास वरदाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली पहिला केंद्रीय वेतन आयोग नेमण्यात आला. त्याने १९४७ मध्ये सर्वांत खालच्या श्रेणीसाठी ३० रुपये मूळ वेतन व २५ रुपये महागाई भत्ता मिळून दरमहा ५५ रुपयांची शिफारस केली. नोकराचे वेतन केवळ बाजारातील मागणी-पुरवठ्यावर न ठरविता निर्वाहाच्या खर्चाशी जोडावे, हे तत्त्व यातून शासकीय सेवेत रुजले.

नियंत्रणांमुळे भ्रष्टाचार वाढतो व लोक परावलंबी होतात, अशी महात्मा गांधींची भूमिका होती. तिच्या प्रभावाने डिसेंबर १९४७ पासून अन्नधान्यावरील नियंत्रणे शिथिल करण्यात आली. नियंत्रणे घाईने उठवू नयेत, असे गोरवाला व गाडगीळ यांच्या किंमत मंडळाचे मत होते. किंमती झपाट्याने वाढल्याने १९४८ च्या उत्तरार्धात नियंत्रणे पुन्हा आणावी लागली आणि रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना १९५२–५४ या काळात ती पुन्हा टप्प्याटप्प्याने काढण्यात आली.

परिणाम व मूल्यमापन : युद्धकाळातील तात्पुरत्या नियंत्रणांतून अनेक दीर्घजीवी संस्था व कायदे निर्माण झाले. १९४६ च्या तात्पुरत्या कायद्याची जागा १९५५ मध्ये जीवनावश्यक वस्तू अधिनियमाने घेतली. १९४७ चा आयात-निर्यात नियंत्रण अधिनियम १९९२ पर्यंत अंमलात राहिला व मे १९४३ मध्ये सुरू झालेले भांडवल-उभारणीवरील नियंत्रणही १९९२ मध्येच संपुष्टात आले. महागाई भत्ता, सार्वजनिक वितरण व्यवस्था व वस्त्रोद्योग आयुक्ताचे कार्यालय हीसुद्धा त्याच काळाची देणगी होय. मराठी बोलीत ‘कंट्रोल’, ‘रेशन’, ‘परमिट’ व ‘काळा बाजार’ हे शब्द रूढ झाले ते याच वर्षांत.

गोरवाला यांनी १९५१ मध्ये नियोजन आयोगास सादर केलेल्या सार्वजनिक प्रशासनावरील अहवालात सचोटी व कार्यक्षमता यांवाचून कोणतीही योजना तडीस जाणार नाही, या मुद्द्यावर भर दिला. युद्धकाळाच्या अनुभवाशी तो सुसंगत आहे. वसाहती सरकारने कारभाराची व्याप्ती अनेक पटींनी वाढविली. परंतु तो चालविणाऱ्यांच्या संख्येचा, शिक्षणाचा व निर्वाहाचा विचार उशिरा व अपुरा केला. जेथे गावपातळीवरील नोंदी व त्या ठेवणारी माणसे आधीपासून होती, तेथे नियंत्रणांनी लोकांना तगविले. जेथे ती नव्हती, तेथे आदेश कागदावर राहिले व त्याची किंमत दुर्बळांना प्राण देऊन चुकवावी लागली. अधिकार वटहुकुमाने एका दिवसात निर्माण करता येतात, प्रशासकीय क्षमता मात्र दीर्घकाळ जोपासावी लागते, हा या कालखंडाचा प्रमुख निष्कर्ष होय.